एडमंटनला येताय? कोणतं काम कोणाच्या हातात, ते आधी बघा

पीआरवर (कायम राहण्याच्या परवान्यावर) कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला आल्यावर नगरसेवक, आमदार, खासदार यांपैकी कोणाकडे कशासाठी जायचं आणि राजकारणात भाग कधी घेता येईल, असं तुम्ही विचारलंय. तिथले माजी महापौर अमरजीत सोहींची कारकीर्द बघा, बरंचसं उलगडेल.

पंजाबातून १९८१ साली आलेले सोही शहराची बस चालवायचे. २००७ मध्ये नगरसेवक, २०१५ मध्ये शंभरापेक्षाही कमी मतांच्या फरकाने खासदार आणि लगेच केंद्रात पायाभूत सुविधांचे मंत्री. २०१९ मध्ये हरले, २०२१ मध्ये महापौर झाले. केंद्राचा एवढा अनुभव असूनही महापौर म्हणून प्रांतापुढे त्यांचं फारसं चालेना. कारण कॅनडात शहराला अधिकार मिळतात ते प्रांताच्या कायद्यातून. प्रांताच्या इमारतींवर घरपट्टी लागत नाही, त्याऐवजी अनुदान मिळतं. ते अल्बर्टा सरकारने २०१९ च्या बजेटपासून टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणलं होतं. खड्डा पडला शहराच्या तिजोरीत, भार आला सामान्यांच्या घरपट्टीवर.

तुमचा जास्त संबंध येईल तो सोहींनी गाठलीच नाही त्या मधल्या पायरीशी, म्हणजे प्रांताशी. आरोग्य कार्ड (आल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करा), शाळा, वाहन परवाना, इंजिनिअर-नर्स यांची व्यावसायिक नोंदणी, सगळं तिथलं. यात अडलं तर आमदार गाठा. सिन नंबर (नोकरी आणि टॅक्ससाठी लागणारा सरकारी क्रमांक), इमिग्रेशन, पासपोर्ट यांत अडलं तर खासदाराचं ऑफिस. बस, कचरा, रस्त्यावरचा बर्फ यासाठी शहराच्या ३११ या नंबरला फोन.

पीआरवर मतदान मात्र या तिन्ही निवडणुकांत नाही. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे राहावं लागतं, आणि ते घेतलं की भारताचं जातं. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) मिळालं तरी तिकडे मत नाही. हा हिशेब घरात आधीच बोलून घ्या.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. केंद्रातल्या मोठ्या पक्षांचं सभासदत्व पीआरला मिळतं आणि उमेदवार ठरवताना पक्षांतर्गत मतही देता येतं. एकाच पक्षाच्या बालेकिल्ल्यात खरी लढत तीच असते. नवखे चुकतात ते इथे: सभासद नोंदणीची मुदत उलटल्यावर जागे होतात. देणगीही देता येते, पण स्वतःच्याच पैशातून. नुसत्या वर्क परमिटवर केंद्रातल्या पक्षांना देणगी देता येत नाही.

आणि इन्कम टॅक्सच्या फॉर्ममध्ये इलेक्शन्स कॅनडाच्या (केंद्राच्या निवडणुका घेणाऱ्या संस्थेच्या) मतदार यादीबद्दलच्या प्रश्नाआधी ‘नागरिक आहात का’ असं विचारतात, तिथे ‘नाही’ वर खूण करा. घाईत ‘हो’ केलंत तर नाव मतदार यादीत जाऊ शकतं, आणि नागरिक नसताना मत देणं गुन्हा आहे.