कारंजं हिवाळ्यात नुसतं झाकून ठेवलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: न्यू जर्सीत घर घेतलं, आधीच्या मालकानं मागच्या अंगणात सिमेंटचं तीन थरांचं कारंजं सोडून दिलंय, ऑक्टोबर लागला, ताडपत्री आणून झाली. ती गुंडाळून मार्चपर्यंत विसरून गेलं तर चालेल का? आणि शेजारचे गृहस्थ म्हणतात, चालूच ठेवा, वाहतं पाणी गोठत नाही. त्यांचं ऐकावं का?

पहिल्याचं उत्तर नाही. मी नेमकं हेच करून बसलो होतो.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला राहतो. 2016 साली घर घेतलं तेव्हा असंच एक कारंजं घराबरोबर आलं. वर अननसासारखा गोळा, खाली दोन पराती, त्याखाली हौद. नोव्हेंबरात मी बूच काढून हौद रिकामा केला आणि उंदीर शिरू नयेत म्हणून बूच परत घट्ट लावून टाकलं. मग निळी ताडपत्री घेऊन, भारतात पाठवायचं पार्सल बांधावं तसं सगळं सुतळीनं आवळून बांधलं. फार अभिमान वाटला होता. तो हिवाळा एरवीच्या मानानं सौम्य गेला, फेब्रुवारीत तर दिवसा स्वेटर नको वाटेल असे दिवस आले. मार्चमध्ये ताडपत्री सोडली तर हौदात चार बोटं पाणी, भोकापासून काठापर्यंत केसाएवढी चीर, आणि खालच्या परातीच्या आतला थर पापुद्र्यासारखा हातात येत होता.

पुढे जानेवारी 2019 मध्ये शिकागोच्या विमानतळावर पारा उणे 23 फॅरेनहाइटपर्यंत उतरला. घराबाहेर पडू नका म्हणून टीव्हीवर सारखं सांगत होते. त्या हिवाळ्यात कारंज्याचा टवकासुद्धा उडाला नाही, कारण तोवर मी ते कोरडं ठेवायला शिकलो होतो.

आपल्याकडचा माठ आठवा. बाहेरून ओला लागतो, कारण मातीला बारीक छिद्रं असतात. सिमेंटही तसंच पाणी पितं, फक्त ते दिसत नाही. आता दहा वाट्या पाण्याचा बर्फ केला तर तो जवळजवळ अकरा वाट्या होतो. छिद्रांमध्ये थोडी रिकामी जागा असेल तर त्याला पसरायला वाव मिळतो. छिद्रं नव्वद टक्क्यांच्या वर भरलेली असली की वाव संपला, मग तो सिमेंटलाच ढकलतो. दुपारी वितळलं की पाणी नव्या फटीत आणखी आत जातं, रात्री परत गोठतं. म्हणून सलग महिनाभराच्या कडाक्यापेक्षा दिवसा 40 आणि रात्री 25 अंश फॅरेनहाइट असा खेळ जास्त घातक. तुमच्या न्यू जर्सीत हा खेळ हिवाळाभर चालतो.

कधी करायचं? मी शहराकडे बघतो. इथलं मोठं बकिंगहॅम कारंजं 1927 पासून आहे आणि ते साधारण मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालवतात. ते बंद झालं की त्या शनिवार-रविवारी आमचंही बंद. घरात याला आम्ही ‘फराळाआधीचं काम’ म्हणतो, कारण एकदा चकल्या सुरू झाल्या की मला बाहेर जायला कोणी सोडत नाही. तुमच्याकडे पहिली गोठवणारी रात्र बहुधा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येईल, म्हणजे आता फार दिवस हातात नाहीत. आणि पावसाच्या दुसऱ्या दिवशी हे काम काढू नका. रिकामं केल्यावर तीन-चार दिवस ऊन-वारा लागू द्यायचा आहे.

सुरुवात वीज बंद करण्यापासून. प्लग काढा, मगच पाण्यात हात घाला. मग बूच शोधा. बहुतेक सिमेंटच्या कारंज्यांत हौदाच्या तळाला एक भोक असतं, त्यात रबरी बूच बसवलेलं असतं आणि त्याच भोकातून पंपाची वायर खाली जाते. कधी कधी आधीच्या मालकानं गळतीला कंटाळून तिथे भरपूर सिलिकॉन फासलेलं असतं. ते कटरनं हळू कापा, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, भोकाची कडच निघून येते. पाणी गेल्यावर जे उरतं ते शॉप-व्हॅकनं (पाणीही ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरनं) ओढून घ्या आणि पराती स्पंजनं पुसा. पाने, शेवाळ सगळं काढा, कारण कुजकी पानं ओल धरून ठेवतात. बूच धुऊन घरात ठेवा. भोक हिवाळाभर उघडं राहिलं पाहिजे. उंदरांची भीती असेल तर जाळीचा तुकडा टाका. माझी चीर त्या बुचानं पडली.

आता वजनाचं काम. सिमेंट काँक्रीट पाण्याच्या जवळपास अडीचपट जड असतं. परात लहान दिसते, पण एकट्यानं उचलायला गेलात तर हिवाळा कमरेला पट्टा बांधून काढाल. दोघं-तिघं बोलवा, नंतर चहा-पोहे द्या. वरचा गोळा आणि पराती शक्य असेल तर काढून गॅरेजमध्ये उपड्या ठेवा. खाली लाकडाच्या पट्ट्या घाला, थेट फरशीवर नको. काढता येत नसतील तर निदान प्रत्येक थर किंचित उचलून खाली लाकडाची पातळ पाचर सरकवा, म्हणजे सांध्यात साचलेलं पाणी वाहून जाईल आणि थर एकमेकांना गोठून चिकटणार नाहीत. मधल्या खांबातली नळीही विसरू नका. वरून फुंकर मारून बघा, खाली गुळगुळ आवाज आला तर पाणी अडकलंय.

हौद मात्र कुणाला हलत नाही, तो बाहेरच राहणार. त्याचा आकार बघा. बाहेरच्या बाजूला उतरती, पसरट भिंत असेल तर चुकून बर्फ झालाच तरी तो वर सरकतो. भिंत उभी किंवा तोंडाशी आत वळलेली असेल, घागरीसारखी, तर बर्फाला जायला जागाच नसते. अशा हौदात थेंबही राहू देऊ नका.

झाकायचं सगळ्यात शेवटी. तुमची ताडपत्री फुकट जाणार नाही, फक्त ती अंगाला चिकटवून गुंडाळू नका. हौदात मधोमध एखादी उपडी बादली किंवा लाकडी ठोकळा ठेवा, त्यावरून ताडपत्री तंबूसारखी उतरती सोडा, म्हणजे बर्फ आणि पाणी मध्ये न साचता बाहेर घसरेल. खाली चारही बाजूंनी वीतभर जागा वाऱ्याला मोकळी ठेवा. आतून दमट हवा धरते, तेव्हा हौदात जुने टॉवेल किंवा गोणपाट टाकून ठेवतात. मीही टाकतो, पण जानेवारीत एखाद्या उबदार दिवशी आत हात घालून बघतो. ओले असतील तर बदलायचे, नाहीतर तेच हौदात बर्फाची लादी होऊन बसतात.

पंपाबद्दल थोडं सविस्तर, कारण तो मी दोनदा मारला. पहिल्यांदा गॅरेजमध्ये ठेवला. आमच्या गॅरेजला हीटिंग नाही, आत राहिलेलं घोटभर पाणी गोठलं आणि बाहेरचं कवच तडकलं. पंपाची जागा बेसमेंटमध्ये. दुसऱ्यांदा दोष गणपतीचा, म्हणजे आमचाच. मुलांनी हट्ट केला म्हणून एका वर्षी शाडूच्या मूर्तीचं विसर्जन टबाऐवजी कारंज्याच्या हौदात केलं. मुलं खूश, आजी व्हिडिओ कॉलवर खूश. पंप ऑक्टोबरात उघडला तेव्हा जाळी आणि पंखा राखाडी मातीनं लिंपलेले. तेव्हापासून टबच.

तर पंप उघडा, आतला छोटा पंखा बाहेर काढा (त्याची काडी फार नाजूक असते), आणि निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर अशा मिश्रणात काही तास बुडवा. पांढरे क्षार जुन्या टूथब्रशनं सहज निघतात. नंतर साध्या पाण्यानं धुवा. ठेवण्याबद्दल कंपन्यांत मतभेद आहेत. काही म्हणतात कोरडा ठेवा, काही म्हणतात स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, म्हणजे रबरी सील सुकून चिरत नाहीत. तुमच्या पंपाच्या माहितीपत्रकात असेल ते करा.

कारंज्याला आपोआप पाणी भरणारी नळी जोडलेली असेल तर तिचा व्हॉल्व्ह घराच्या आतून बंद करून नळी पूर्ण रिकामी करा. गोठलेली नळी फुटली की नुकसान कारंज्यापेक्षा भिंतीचं होतं. बागेच्या नळाला लावलेला होजही याच दिवशी काढा.

मीठ टाकू नका. पायऱ्यांवर टाकतो तसं हौदात टाकलं की क्षार सिमेंटमध्ये जाऊन पापुद्रे आणखी सुटतात. गाडीचं अँटिफ्रीझ तर मुळीच नको. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. पाणी काढून टाकता येत असताना त्यात औषध घालायचं कशाला?

आता शेजाऱ्यांचं. वाहतं पाणी उशिरा गोठतं हे खरं, पण गोठत नाही हे खरं नाही. काठावर बर्फाच्या जिभा तयार होतात, धार त्यावरून हौदाच्या बाहेर पडते, दोन-तीन रात्रींत हौद आटतो आणि पंप कोरडा फिरून जळतो. हौदात हीटर टाकून चालवणारे आहेत. वीजबिल येतं, वीज गेली तर एका रात्रीत सगळं गोठतं, आणि बर्फ पडत असताना रोज पाण्याची पातळी बघायला बाहेर जावं लागतं. पक्ष्यांना हिवाळ्यात पाणी हवंच असेल तर हीटर असलेलं छोटं प्लास्टिकचं भांडं वेगळं मिळतं. मी तेच ठेवलंय. लाल कार्डिनल येऊन बसतात.

गंमत अशी की माझ्या पुण्यातल्या भावाला हे काही पटतच नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी दव गोठलं की त्यांच्याकडे पेपरात फोटो येतो. कारंज्याला गोधडी घालायची म्हटल्यावर तो अजून हसतो.

तुमच्या हौदाचं बूच सापडलं नाही तर तळाचा आणि खांबाच्या बुडाचा असे दोन फोटो टाका. काही कारंज्यांत भोक तळाला नसतं, खांबाखाली लपलेलं असतं, आणि तिथे आधी खांब उचलावा लागतो.