वाचकांचे प्रश्न : नोकरी सांभाळून पदवी आणि फीचा मेळ

प्रश्न : मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात राहते, वय ३४. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. घरी शिवणकाम करते. आता बी.ए. करायचं आहे, जमलं तर मराठीतून. फी एकदम भरावी लागते का? कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या महिन्याच्या दोन हजारांत भागेल का?

उत्तर : एकदम भरावी लागत नाही. मुक्त विद्यापीठात फी वर्षाची किंवा सत्राची असते. इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) बी.ए.ला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात. मध्ये एखादं वर्ष हात आखडला तरी आधी उत्तीर्ण केलेले पेपर वाया जात नाहीत. मात्र सहा वर्षं उलटली की पुनर्प्रवेश घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे.

बहुतेकांचं गणित चुकतं ते माहितीपुस्तिकेत छापलेला आकडा हाच सगळा खर्च, असं धरल्यामुळे. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. इग्नूत लेखी परीक्षेला सध्या पेपरमागे २०० रुपये पडतात. वर्षाला १० पेपर असतील तर हेच २,००० झाले आणि नापास झालेल्या पेपरचे पुन्हा २००. फॉर्मची तारीख चुकली तर विलंब शुल्क १,१०० रुपये, म्हणजे साडेपाच पेपरांची फी. म्हणून वहीच्या एका पानावर चार रकाने आखा : प्रवेश आणि पुढच्या वर्षाची नोंदणी, परीक्षा शुल्क, स्वाध्यायाचे कागद आणि झेरॉक्स, आणि जाण्यायेण्यात बुडणारी मजुरी. शेवटचा रकाना कुणी लिहीत नाही. पण परीक्षेच्या दिवशी मशीन बंद असणार, आणि लग्नसराईत सापडलेली जूनची परीक्षा शिवणकाम करणारीला चांगलीच महाग पडते. प्रवासाचं ओझं तेवढं हलकं आहे : शक्ती योजनेमुळे बायकांना कर्नाटकच्या साध्या सरकारी बसने बेळगावला जायला तिकीट पडत नाही. छापील पुस्तकं नको म्हटलं तर इग्नू फीत १५ टक्के सवलत देते. पण मोबाईलवर तासनतास वाचणं जमणार असेल तरच ती घ्या. पुढे सगळं झेरॉक्स करत बसलात तर सवलत तिथेच संपते.

गृहलक्ष्मीवर फीची तारीख टांगून ठेवू नका. हप्ता दरमहा ठरल्या दिवशी येईलच असं नाही, कधी दोन-तीन महिन्यांचा एकदम येतो. फीसाठी शिवणकामाच्या पैशातून बँकेत सहा महिन्यांची आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची आवर्ती ठेव) लावा. महिन्याला १,२०० टाकले तर सहा महिन्यांत ७,२०० रुपये आणि वर थोडं व्याज हाती येतं. गृहलक्ष्मीचे पैसे आले की ते परीक्षा शुल्काला बाजूला काढा.

मराठी माध्यमाचं म्हणाल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवतं. पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र काढता येत नाही. तेव्हा बेळगाव किंवा खानापुरात बसून कुणी ‘नाशिकचा फॉर्म इथेच भरा, परीक्षाही इथेच’ म्हणाला, तर एक रुपयाही देऊ नका. चंदगड किंवा कोल्हापूरच्या बाजूचं केंद्र गाठणार असाल, तर कर्नाटकातल्या रहिवाशाला प्रवेश मिळतो का हे आधी त्या केंद्रात विचारा. संपर्कसत्रं (केंद्रावरचे वर्ग) किती आणि परीक्षा कुठे हेही तिथेच लिहून घ्या. मग तो प्रवास चौथ्या रकान्यात मांडा.

एक गोष्ट मात्र पैसे भरायच्या आधीच तपासा. दूरशिक्षणाला आता डीईबी आयडी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) दूरशिक्षण विभागाचा क्रमांक लागतो आणि तो काढायला डिजिलॉकर या सरकारी ॲपमधला एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक लागतो. तुमच्या मार्क्स कार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असू शकतं. अशा वेळी अर्ज इथेच अडतो. लग्नाचा दाखला जवळ ठेवा आणि कुठलं नाव पुढे चालवायचं ते ठरवून कागद सारखे करून घ्या. हे काम व्हायला काही आठवडे सहज जातात.

प्रश्न : निपाणीत दुकानात नोकरीला आहे. एका कंपनीकडून ऑनलाइन एमबीएसाठी सारखे फोन येतात. १,२०,००० फी, ‘नो कॉस्ट ईएमआय’ने महिन्याला ५,००० प्रमाणे २४ महिने. आजच सही केली तर सूट म्हणतात. घेऊ का?

उत्तर : आज तर मुळीच सही करू नका. आधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशसत्र, तिन्ही बघा. विद्यापीठाचं नाव यादीत असतं आणि नेमका तोच अभ्यासक्रम नसतो, असंही घडतं. मान्यता असेल तर ती पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, ऑनलाइन म्हणून कमी नाही.

आता त्या ईएमआयकडे वळू. तो विद्यापीठाने दिलेला हप्ता नसतो, एखाद्या फायनान्स कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं कर्ज असतं. सगळी फी पहिल्याच दिवशी पलीकडे जमा होते. तीन महिन्यांनी तुम्ही शिक्षण सोडलंत तरी हप्ते चालूच राहतात आणि चुकले की सिबिल बिघडतो. तेव्हा एकच प्रश्न विचारा : ‘दर सत्राला थेट विद्यापीठात फी भरली तर एकूण किती?’ उत्तर १,०५,००० आलं, तर मधले १५,००० हे व्याजच, नाव काही द्या. डिजिटल कर्जाबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) देणं बंधनकारक आहे. त्यात वार्षिक दर आणि कूलिंग-ऑफची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. हा कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून कर्ज घेऊ नये.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) काम करतो. दूरशिक्षणाने एम.कॉम. करायला बँकेने शैक्षणिक कर्ज नाकारलं. गावच्या सौहार्द सहकारी सोसायटीत १२ टक्क्यांनी ३०,००० मिळतात. घ्यावेत का?

उत्तर : बँकांची शैक्षणिक कर्ज योजना मुख्यतः पूर्णवेळ शिक्षणासाठी आखलेली आहे, म्हणून दूरशिक्षणाला बऱ्याच शाखा नाही म्हणतात. कामगार कल्याण मंडळाची मदतही कामगारांच्या मुलांसाठी असते. त्यामुळे सोसायटीकडे वळणं साहजिक आहे. पण ‘१२ टक्के’ ऐकून थांबू नका. विचारा : फ्लॅट की घटत्या शिलकीवर?

फ्लॅट असेल तर ३०,००० वर दोन वर्षांचं व्याज ७,२०० आणि हप्ता १,५५०. घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता साधारण १,४१२ आणि दोन वर्षांचं व्याज सुमारे ३,८९०. तोंडी दर एकच, पण फरक तीन हजारांहून जास्त, कारण फ्लॅटमध्ये तुम्ही फेडून टाकलेल्या मुद्दलावरही शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज चालू असतं. त्यावर शेअर्स, फॉर्म फी आणि विमा असं कापून हातात ३०,००० पूर्ण पडत नाहीत. नेमके किती पडतील ते लिहून मागा. घरात कुणाचं स्त्रीशक्ती बचत गटाचं कर्ज महिना २ टक्क्यांनी असेल तर ते वर्षाला २४ टक्के झालं, हेही घरी सांगा.

आमचं मत विचाराल तर ३०,००० एकदम उचलूच नका. फी टप्प्याटप्प्याने द्यायची, मग दोन वर्षांचे पैसे आज घेऊन व्याज कशाला भरायचं? पहिल्या वर्षाला कमी पडतील तेवढेच घ्या, ते फेडा, दुसऱ्या वर्षाचं तेव्हा बघा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत वजावट मिळते, पण सोसायटीचं, सोन्यावरचं किंवा वैयक्तिक कर्ज त्यात बसत नाही. स्वतःच्या शिक्षणाची फीदेखील करातून वजा होत नाही, ती सवलत मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या फीला आहे.

प्रश्न : अनुसूचित जातीतला आहे, चिकोडीत नोकरी करतो. दूरशिक्षणाला शिष्यवृत्ती मिळते का?

उत्तर : केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजनेत दूरशिक्षणही येतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांच्या आत हवं आणि त्यात तुमचा पगार धरला जातो. कर्नाटकात अर्ज राज्याच्या एसएसपी (शिष्यवृत्ती) पोर्टलवर करायचा. त्यासाठी नाडकचेरीतून (दाखले देणारं सरकारी कार्यालय) जात आणि उत्पन्नाचे दाखले काढा. दाखल्यावरचा ‘RD’ने सुरू होणारा क्रमांक अर्जात जसाच्या तसा लिहा, एक आकडा चुकला तरी अर्ज पुढे सरकत नाही. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यातच येतात, सोसायटीच्या खात्यात नाहीत. ‘आधार लिंक आहे’ एवढ्यावर विसंबू नका. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, एनपीसीआयकडे (आधार आणि बँक खात्याची जोडणी ठेवणारी संस्था) कोणतं खातं नोंदलं आहे ते बँकेत विचारा. बंद पडलेलं जुनं खातं तिथे नोंदलेलं असेल तर पैसे परत जातात. आणि फी आधी खिशातूनच भरावी लागेल, असं धरून चाला.

प्रश्न : यूपीआयने फी भरली. पैसे कापले गेले, पण पोर्टलवर पावती नाही. पुन्हा भरू का?

उत्तर : लगेच नको. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, एक दिवस थांबा आणि पोर्टलवर स्थिती पुन्हा बघा. नोंद झाली नसेल तर पैसे बहुधा आपोआप परत येतात. ते खात्यात दिसले की दुसऱ्यांदा भरा. एवढा वेळ हाताशी राहावा म्हणून शेवटच्या तारखेच्या चार-पाच दिवस आधीच फी भरत जा.