इटालियन वाइनच्या टेस्टिंगला पहिल्यांदा जाताना

गाम्बेरो रोस्सो या इटालियन खाद्य-वाइन प्रकाशनाच्या 'त्रे बिक्कियेरी' (म्हणजे तीन पेले, त्यांचा वाइनचा सर्वोच्च पुरस्कार) दौऱ्यासारख्या टेस्टिंगला जाणार असशील, तर आधी पोटभर जेवून घे. अत्तर अजिबात नको, शेजाऱ्यालाही वाइनचा वास येईनासा होतो. टेबलावरचं भांडं थुंकण्यासाठीच असतं. घोट तोंडात घोळव आणि खुशाल थुंक. लाजून गिळत बसलास तर तासाभरात सगळ्या वाइन सारख्याच लागतील.

आधी फेसाळ प्रोसेको, मग पांढऱ्या, नंतर तांबड्या. तांबड्यांतली बारोलो मात्र घाईत उरकू नकोस. फिकट रंग बघून फसशील. ती ज्यापासून बनते त्या नेब्बियोलो द्राक्षाचा तुरटपणा कच्च्या सुपारीसारखा हिरड्या आवळतो. किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडात, मुरल्याशिवाय तिला बारोलो म्हणताच येत नाही.

ओतून देणारा पुष्कळदा स्वतःच उत्पादक असतो. किमतीआधी त्याला विचार, पिंपं लहान की मोठी, मळ्याचा उतार कोणत्या दिशेला. गडी खुलतो, कधीकधी टेबलाखालची जुनी बाटलीही वर येते! पण गर्दी असली तर अडून राहू नकोस. त्याला आयातदार गाठायचा असतो, त्यासाठीच तर एवढ्या लांब आलाय.