छळ, दडपशाही की कारवाई? इराणमधील स्त्री पत्रकारांविषयी लिहिताना

विचारणा अशी आहे : इराणमध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या आणि त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या पत्रकार यांना तिथले सरकार जे भोगायला लावते, त्याला इंग्रजीत ‘पर्सिक्युशन’ म्हणतात. मराठीत त्याला ‘छळ’ म्हणावे, ‘दडपशाही’ म्हणावे, की बातम्यांत येते तसे ‘कारवाई’ म्हटले तरी चालेल?

माझ्या मते ‘छळ’ हाच शब्द योग्य आहे, मात्र छळ कोण करते आहे हे त्याच वाक्यात लिहिले पाहिजे. ‘कारवाई’ हा शब्द या संदर्भात वापरूच नये.

ज्या घटनांसाठी हा शब्द हवा आहे त्या आधी समोर ठेवू. १३ सप्टेंबर २०२२ रोजी महसा (जीना) अमिनी या बावीस वर्षांच्या कुर्द तरुणीला तेहरानमध्ये हिजाबच्या कारणावरून ‘गश्त-ए-इर्शाद’ने, म्हणजे पेहरावावर नजर ठेवणाऱ्या तिथल्या नैतिकता-पोलिसांनी, पकडले आणि १६ सप्टेंबरला रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. (यातला ‘गश्त’ म्हणजे आपली ‘गस्त’च, मराठीत हा शब्द फारसीतूनच आला आहे.) ‘शर्घ’ या दैनिकाच्या निलूफर हामेदी यांनी रुग्णालयातून ही बातमी बाहेर आणली, तर ‘हम्मीहन’ या दैनिकाच्या इलाहे मोहम्मदी यांनी सक्केझ या जीनाच्या गावी जाऊन तिच्या दफनविधीचे वार्तांकन केले. त्याच महिन्यात दोघींना अटक झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये निलूफर यांना एकूण तेरा आणि इलाहे यांना एकूण बारा वर्षांची कैद सुनावण्यात आली. त्यातला सर्वांत मोठा भाग ‘शत्रुराष्ट्र अमेरिकेच्या सरकारशी सहकार्य’ या आरोपासाठी होता. जानेवारी २०२४ मध्ये जामीन मिळून दोघी तुरुंगाबाहेर आल्या, तेव्हाची हिजाबविना काढलेली त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि लगेच त्यावरून नवे प्रकरण उभे केले गेले.

आता ‘दोन महिला पत्रकारांवर कारवाई’ हा मथळा वाचून पाहावा. मराठीत कारवाई होते ती फेरीवाल्यांवर, थकबाकीदारांवर, वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांवर. म्हणजे आधी काही नियमभंग घडला आहे आणि यंत्रणेने आपले नेमून दिलेले काम केले आहे, हे गृहीतक त्या शब्दाच्या पोटातच आहे. ज्या व्यक्तीने रुग्णालयात जाऊन बातमी लिहिली, तिच्याविषयी ‘कारवाई’ लिहिणारा बातमीदार नकळत सरकारी वकिलाचे म्हणणे मान्य करून बसतो. मला हा शब्द नुसता सैल नव्हे, अन्यायकारक वाटतो.

‘छळ’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. स्त्री आणि छळ ही दोन पदे शेजारी आली की मराठी वाचकाच्या मनात आधी उभे राहते ते सासर. ‘विवाहितेचा छळ’ हा मथळा आणि त्यासोबत येणारे जुन्या भारतीय दंड संहितेतले ४९८ अ हे कलम आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्याच्या जोडीला २०१३ च्या कायद्यानंतर कामाच्या ठिकाणचा ‘लैंगिक छळ’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यामुळे ‘इराणमध्ये महिला पत्रकारांचा छळ’ एवढेच लिहिले, तर हा छळ वरिष्ठांनी केला, घरच्यांनी केला की न्यायालय, तुरुंग आणि गुप्तहेर खाते यांनी मिळून केला, हे कळत नाही. ‘इराण सरकारने चालवलेला छळ’ असे लिहिताच ही संदिग्धता संपते. ‘चालवलेला’ या शब्दातून ते सातत्याने चाललेले काम आहे हेही कळते, म्हणून मला तो ‘केलेला’पेक्षा बरा वाटतो.

या शब्दाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यावर थोडे थांबावेसे वाटते. संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट. न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, तर ही वादाची एक काटेकोर संज्ञा आहे : बोलणाऱ्याला अभिप्रेत नसलेला अर्थ त्याच्या शब्दांवर लादून त्याला खोडून काढणे म्हणजे छल. वाक्छल, सामान्यच्छल आणि उपचारच्छल असे त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाक्छलाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘नवकंबल’. ‘या मुलाकडे नवी घोंगडी आहे’ असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने ‘नव’चा अर्थ नऊ असा घेऊन ‘याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत?’ असे विचारावे. बातमी देण्याला ‘व्यवस्थेविरुद्ध प्रचार’ म्हणणे आणि पत्रकारितेला ‘शत्रुराष्ट्राशी सहकार्य’ ठरवणे हा तंतोतंत हाच प्रकार आहे, फरक एवढाच की इथे अर्थ फिरवणाऱ्याच्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या आहेत. मराठीत ‘छळ’चा अर्थ कपटाकडून पीडेकडे सरकला, इराणमधील खटल्यांत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि म्हणूनच या शब्दाला मला तोड दिसत नाही.

‘दडपशाही’ चुकीचा नाही, पण तो राज्य करण्याच्या रीतीविषयी आहे. रौलट कायद्याचे किंवा १९७५ च्या आणीबाणीचे वर्णन करताना आपण तो वापरतो, तेव्हा सबंध जनता डोळ्यांसमोर असते. एका व्यक्तीचे, उदाहरणार्थ इराणमधील मानवी हक्क कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदी यांचे, नाव घेऊन ‘नर्गिस मोहम्मदी यांची दडपशाही’ असे म्हणता येत नाही. अर्थ उलटाच होतो. ‘मुस्कटदाबी’ आणि ‘गळचेपी’ हे शब्द बोलण्या-लिहिण्यावरील बंदीपुरते चपखल आहेत. ‘जाच’ फार घरगुती आहे.

नर्गिस यांचेच उदाहरण घेतले तर शब्दाची व्याप्ती किती लागते ते कळेल. (त्यांचे आणि इलाहे यांचे आडनाव एक असले तरी त्या नातलग नाहीत.) २०२३ चे शांततेचे नोबेल त्यांना जाहीर झाले तेव्हा नोबेल समितीने सांगितले की त्यांना तेरा वेळा अटक झाली आहे, पाच वेळा दोषी ठरवले गेले आहे आणि एकूण ३१ वर्षांची कैद व १५४ फटके सुनावले गेले आहेत. त्या तेहरानच्या एविन तुरुंगात असल्याने ऑस्लोमध्ये तो सन्मान त्यांच्या जुळ्या मुलांनी, कियाना आणि अली यांनी स्वीकारला. मुलांपासूनची वर्षानुवर्षांची ताटातूट ही कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली शिक्षा नाही. ‘मुस्कटदाबी’त ती मावत नाही, ‘छळा’त मावते.

एकांतकोठडीतील कैदेसाठी फारसीत ‘शिकंजे-ये-सफेद’ असा प्रयोग आहे. अंगावर वळ उठत नाही, पण माणूस आतून खचतो, असा तो प्रकार. त्याचे मराठी ‘पांढरा छळ’ असे न करता ‘पांढरी यातना’ असे करावे, अशी माझी सूचना आहे. कोठडीत शरीर-मनावर थेट केलेल्या अत्याचारासाठी ‘यातना’ राखून ठेवला, तर ‘छळ’ हा शब्द पाळत, अटक, खटला, कैद, जामिनाच्या अटी या सगळ्या साखळीसाठी मोकळा राहतो. नसरीन सोतुदेह यांच्यासारख्या वकील स्त्रिया अशा खटल्यांत बचाव करता करता स्वतःच आरोपी झाल्या; त्यांच्याविषयी लिहितानाही हा भेद उपयोगी पडेल.

क्रियापदांकडेही लक्ष द्यावे. ‘दोषी ठरल्या’ आणि ‘दोषी ठरवले गेले’ यांत अंतर आहे. पहिल्यात दोष सिद्ध झाल्यासारखा वाटतो, दुसऱ्यात ठरवणारा कोणी आहे हे तरी उरते. तोच नियम ‘माफी’लाही लावावा. निलूफर आणि इलाहे यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये माफी मिळाल्याचे वृत्त आले. ‘माफी मिळाली’ असे लिहिले की अपराध होता आणि तो पोटात घातला गेला असे वाचकाला वाटते. त्याऐवजी ‘इराणच्या न्यायव्यवस्थेने त्यांना माफी जाहीर करून खटला बंद केला’ असे लिहावे.