पीओ पुढे ठेवा, वकील कसा आहे ते कळेल

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका उद्योजकाचं पत्र आलंय. त्यांचं मशिनिंगचं छोटं युनिट आहे. पुण्याच्या एका पंप कंपनीला जॉबवर्क करून दिलं आणि त्याचे 11 लाख 40 हजार थकले. पहिलं थकलेलं बिल ऑगस्ट 2023 चं, शेवटचं जानेवारी 2024 चं. माल देऊन चार महिने झाल्यावर कंपनीने 'रिजेक्शन'ची डेबिट नोट, म्हणजे माल नापास म्हणून पैसे कापल्याचा कागद, पाठवली. पीओच्या, म्हणजे कंपनीच्या खरेदी ऑर्डरच्या, मागे बारीक अक्षरात छापलंय की वाद पुण्यात, लवादामार्फत. घरच्या वाटणीचा दावा चालवणाऱ्या वकिलांनी एक नोटीस काढली, त्याला वर्ष झालं. आता ते फोन घेत नाहीत, कागदही देत नाहीत. दुसरे एक वकील वसुलीच्या 15 टक्के मागतात. मेहुणे म्हणतात, कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, हायकोर्टाचाच मोठा वकील करा. या सगळ्यात कामाचा वकील ओळखायचा कसा, असा त्यांचा प्रश्न आहे.

वकिलाचं नंतर बघू, आधी कॅलेंडर बघा. नोटीस पाठवली म्हणजे मुदत थांबली, हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज. नोटिशीने मुदत एक दिवसही वाढत नाही. अशा पैशासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात, आणि तुमच्या बाबतीत प्रत्येक बिलाची मुदत वेगळी धरावी लागेल. म्हणजे पहिल्या बिलाचा काटा ऑगस्ट 2026 वर आहे. मधल्या काळात कंपनीने सहीनिशी लेखी बाकी कबूल केली असेल, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजता येते. 'साहेब टूरवर आहेत, बघतो' हे फोनवरचं बोलणं त्यात धरू नका.

आता वकिलाकडे या. कराराचा वाद कागदावर चालतो, त्यामुळे पहिल्या भेटीत एकच गोष्ट बघा: तुमचा पीओ ते उलटून वाचतात का. मागची बाजू न बघताच 'टाकू दावा, शंभर टक्के जिंकू' म्हणाले, तर चहा पिऊन उठा. ज्याला हे काम येतं तो तुम्हालाच चार प्रश्न विचारेल. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का, आणि ती माल देण्याआधीची आहे का? चलनावर गेटचा इनवर्ड, म्हणजे माल आत आल्याचा, शिक्का आहे का? रिजेक्शन पहिल्यांदा लेखी कधी कळवलं?

या प्रश्नांत तुमचं निम्मं प्रकरण आहे. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून आधीपासून नोंदलेले असाल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याखाली, थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं. पीओत पुण्याचा लवाद लिहिलेला असला तरी हा रस्ता बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ते स्पष्ट केलंय. शिवाय पुरवठादार जिथला, तिथल्या कौन्सिलला अधिकार असतो. व्याज मिळतं ते रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने. आणि माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नसेल, तर तो कायद्याच्या हिशेबात स्वीकारला गेला. चार महिन्यांनी आलेल्या डेबिट नोटेला तिथेच मोठं भोक पडतं. मात्र कौन्सिलच्या निकालासाठी कायद्यात 90 दिवस लिहिलेत म्हणून तेवढ्यातच होईल असं कुणी सांगितलं, तर हसून सोडून द्या.

नोंदणी नंतरची असेल तर हे सगळं हातातून जाऊ शकतं. मग लवाद, किंवा लवादाचा मुद्दा कंपनीने वेळेत काढला नाही तर कमर्शियल कोर्ट. तीन लाखांवरचा व्यापारी वाद तिथे जातो, आणि तातडीच्या अंतरिम दिलाशाचा अर्ज नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ही पायरी गाळून थेट दावा टाकणारा वकील तुमचं काही महिन्यांचं नुकसान करतो. वाटणीचे दावे उत्तम चालवणाऱ्या माणसाला हे माहीत नसणं हा गुन्हा नाही, पण हे काम त्यांचं नव्हे.

मेहुण्यांना सांगा, तुमचं प्रकरण हायकोर्टात सुरूच होत नाही. लवाद नेमायची वेळ आली तर तो अर्ज हायकोर्टात जाईल, तेव्हा बघू. आणि 'सीनियर' दर्जाचे वकील थेट अशिलाकडून काम घेतच नाहीत, मधे दुसरा वकील लागतोच.

टक्केवारीवाल्यांना नमस्कार करा. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. जो स्वतःचा नियम पहिल्याच भेटीत मोडतो, त्याच्या हातात अकरा लाखांचं प्रकरण मी तरी देणार नाही. फी टप्प्यांनी ठरवा आणि लेखी घ्या: अर्ज दाखल करण्याची इतकी, पुराव्याची इतकी, युक्तिवादाची इतकी.

दोन-तीन नावं मिळाली की ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर वकिलाच्या नावाने शोधा. कमर्शियल किंवा लवादाची प्रकरणं दिसतात का बघा. तारखा पडल्यात म्हणून लगेच नाव खोडू नका, त्यात कोर्टाचं बोर्ड (दिवसाच्या प्रकरणांची यादी) आणि समोरची बाजू दोन्ही असतात. त्यापेक्षा एक सकाळ कसबा बावड्याला न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. न्यायाधीशांनी 'तो कागद कुठाय?' विचारल्यावर वकील फाईल चाळत बसतो की पान काढून देतो, हे दहा मिनिटांत दिसतं.

जुन्या वकिलांकडच्या कागदांचं फार टेन्शन घेऊ नका. दावाच दाखल झालेला नाही, त्यामुळे वकालतपत्र आणि एनओसीची भानगड नाही. फी बाकी आहे म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने हे 2000 सालीच सांगितलंय. खरोखर काही देणं असेल ते द्या, मूळ चलनं परत मागणारं दोन ओळींचं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

आणि कंपनीच्या परचेसवाल्याशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप ज्या फोनवर आहे, तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. त्या चॅटसोबत कोर्टात प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला तर वकिलाचं काम फार सोपं होतं.