झाडपाल्यात करिअर आहे, पण वाट केमिस्ट्रीतून जाते

(इंदूरच्या रामबागेतून एका आईंचं पत्र आलंय. लेकीला नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण नाहीत, बीएएमएसची जागा मिळू शकते. ती म्हणते, बीएएमएस नको, झाडांमधून सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारावर औषध शोधायचंय. वडील अलीराजपूरला नोकरीत असताना तिने तिथली आजारी मुलं पाहिली होती. शाळेच्या प्रदर्शनात तिने लवंगेच्या अर्काने बॅक्टेरिया मारून दाखवले. आईंचा प्रश्न : ‘झाडपाल्यात कुणाचं पोट भरतं का?’)

ताई, नमस्कार.

भरतं. पण लेकीला वाटतंय ते काम आणि तिथे रोज करावं लागतं ते काम, यात फरक आहे.

तिचा प्रयोग मला आवडला. अगरच्या थाळीवर बॅक्टेरिया पसरायचे, अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची, रात्रभर 37 अंशांवर ठेवून सकाळी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. आता तिला विचारा, अर्क अल्कोहोलमध्ये काढला होतास, तर नुसत्या अल्कोहोलची चकती शेजारी ठेवली होतीस का? ठेवली नसेल, तर बॅक्टेरिया लवंगेने मेले की अल्कोहोलने, हे सांगता येणार नाही. हा प्रश्न ऐकून ती चिडली तर थोडं थांबा. पुन्हा प्रयोग करायला धावली तर पोरगी या कामाची आहे.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. प्रयोगशाळेत रक्तात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून पेशी मुद्दाम वाकवतात, मग अर्क घालून किती कमी वाकल्या ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. या चाचणीत बरीच झाडं पास होतात. आपल्या तुरीच्या दाण्यांचा अर्कसुद्धा, त्यात फेनिलअ‍ॅलनिन असतं म्हणून. (म्हणून वरणभाताने सिकलसेल बरा होतो, असं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर पुढे ढकलू नका.) खरी गाळणी पुढे लागते. रिठ्यासारख्या झाडांतली सॅपोनिन्स तांबड्या पेशीच फोडतात. पोटात गेलेला रेणू यकृत मोडून टाकतं. दोन गावांतल्या एकाच झाडाच्या अर्कात घटक सारखे नसतात.

नायजेरियातल्या निप्रिसानची गोष्ट तिला वाचायला सांगा. लवंग, ज्वारीची पानं, तिथलीच एक मिरी आणि एका झाडाचं खोड, असं हे औषध. रुग्णांवरच्या चाचणीत वेदनांचे झटके कमी झाले, अमेरिकेत दुर्मीळ आजारावरचं औषध म्हणून दर्जाही मिळाला. मग परवाना घेतलेली कंपनी 2008मध्ये दिवाळखोरीत गेली आणि गाडी अडली. या क्षेत्रात माणसं अर्क काढण्यात कमी पडत नाहीत. अर्कातला नेमका रेणू, त्याचं प्रमाण, दर बॅचला तोच दर्जा, इथे कमी पडतात. नोकऱ्याही तिथेच आहेत.

म्हणून माझं मत बी.फार्म. चार वर्षं, त्यात फार्माकोग्नोसी म्हणजे वनौषधींचाच विषय आहे, शिवाय औषधरसायन आणि विश्लेषण. इंदुरातच एसजीएसआयटीएस कॉलेज आहे, खंडवा रोडला देवी अहिल्या विद्यापीठाचं फार्मसी स्कूल आहे. पुढे जीपॅट ही एम.फार्म.ची राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास झाली तर एम.फार्म.ला महिना 12,400 रुपये विद्यावेतन. नायपर या केंद्राच्या औषधशिक्षण संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी आहे, पण तिला बसायलाही जीपॅटची पात्रता लागते. मोहालीच्या नायपरमध्ये नैसर्गिक उत्पादनांचा स्वतंत्र विभाग आहे. संशोधन नाही जमलं, तरी पिथमपूरच्या औषध कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलला माणसं लागतातच. बी.एस्सी. बॉटनी, मग एम.एस्सी. करून सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेने पीएच.डी.पर्यंत जाता येतं, पण मध्येच थांबावं लागलं तर हातात कमी उरतं. बीएएमएस वाईट नाही, द्रव्यगुणात, म्हणजे आयुर्वेदातल्या वनौषधींच्या विषयात, एम.डी. करता येते. मात्र तिला रुग्ण तपासायचेच नसतील, तर साडेपाच वर्षं कशाला?

सिकलसेलवरच काम करायचं असेल, तर जबलपूरची आयसीएमआरची आदिवासी आरोग्य संस्था डोळ्यांसमोर ठेवा. शहडोलहून 1 जुलै 2023ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं उद्दिष्ट 2047पर्यंत हा आजार संपवण्याचं आहे, म्हणजे तिच्या नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं या काळात बसतात.

आता पत्रातली शेवटची ओळ. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलाला सिकलसेल आहे आणि लेक त्याला पपईच्या पानांचा रस द्या म्हणते. हे आजच थांबवा. त्याची हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचे झटके कमी करणारं औषध) चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, आणि सोबत कुठलाही काढा नको. या मुलांची प्लीहा (रक्तातले जंतू गाळणारा पोटातला अवयव) लहानपणीच निकामी होते, त्यामुळे न्यूमोकोकससारखे बॅक्टेरिया काही तासांत रक्तात पसरतात. लसी पूर्ण झाल्यात का आणि पेनिसिलिन चालू आहे का, ते त्या बाईंना विचारा. ताप आला तर त्याच दिवशी एमवायला, म्हणजे इंदूरच्या सरकारी रुग्णालयात, न्यायचं, रात्र असली तरी. लेकीलाच सोबत पाठवा, केसपेपरवर काय लिहितात ते तिने बघावं.