भाचीच्या यादीतल्या अकरा ओळी

प्रिय भाचेबाई,

या हंगामात जायच्या मेळ्यांची (कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सप्रेमींचे मेळे, आणि त्यांच्यासारखे बाकीचे) तुझी यादी मिळाली. अकरा ओळी. तिकीट काढलं असेल तर पिवळा रंग, 'बघू' असेल तर निळा. खाली एकच प्रश्न : "मामा, यातलं काय सोडू?" त्याआधी दोन दिवस तुझ्या आईचा फोन येऊन गेला होता. तिचा प्रश्न थोडा वेगळा होता : "हे वेड हिला लावलं कोणी?" दोन्हीची उत्तरं माझ्याच गळ्यात पडलेली दिसतात. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू अंगठा दाखवून मोकळी होशील, म्हणून पत्र.

आधी तुझी बाजू घेतो. ही गर्दी तू केलेली नाहीस. २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटमध्ये भारतातलं पहिलं कॉमिक कॉन भरलं, तेव्हा वर्षाला एकच तारीख लक्षात ठेवायची होती. पुढे ते मुंबईत आलं, कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये. २०२४-२५ च्या हंगामात त्याच मंडळींनी आठ शहरं घेतली : हैदराबाद, दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, कोलकाता, पुणे, अहमदाबाद, मुंबई. शिवाय ॲनिमेवाल्यांचे, म्हणजे जपानी कार्टूनवाल्यांचे, वेगळे मेळे, गेमिंगवाल्यांचे वेगळे, कॉलेजांचे फेस्ट वेगळे. आणि सगळं नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये कोंबलेलं, कारण पावसात आणि भर उन्हाळ्यात एवढी माणसं घराबाहेर काढायची कोणाची छाती नाही. त्याच महिन्यांत लग्नसराई, त्याच महिन्यांत सवाई, त्याच महिन्यांत तुझ्या सेमिस्टरच्या परीक्षा. (यादीतली सातवी ओळ आणि तुझा परीक्षेचा आठवडा एकमेकांवर चढलेत. आईला मी सांगितलेलं नाही.)

एका वर्षी मीही सगळं केलं होतं. छापखान्यातून सुट्ट्या काढून, रात्रीच्या गाड्या पकडून, मित्रांच्या हॉलमध्ये गादी टाकून. त्या वर्षीचे फोटो परवा काढून बघितले. प्रत्येक फोटोत मी हसतोय, शेजारी कोणीतरी हसतंय, आणि ते शेजारचं कोण हे मला आठवत नाही. शहर ओळखायचं तर मागच्या फलकावरून. रांग, बॅग तपासणी, मनगटावर पट्टा, मोठा हॉल, मोठा आवाज, महाग सँडविच, परतीची गाडी. अगदी शेवटच्या ठिकाणी एका चित्रकाराच्या टेबलासमोर उभा राहून मी म्हणालो, "तुमचं काम पहिल्यांदाच बघतोय, फार आवडलं." तो शांतपणे म्हणाला, "तीन महिन्यांपूर्वी तुम्ही हेच पुस्तक माझ्याकडून घेतलंत." अजून कान गरम होतात.

आता तुझ्या आजीचं ऐक. आजी सवाईला जायची. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला तो महोत्सव. आजी जायची तेव्हा तो रमणबागेच्या मैदानावर, रात्र रात्र चालायचा. शाल, थर्मास, लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी, डब्यात गुळपोळी. दरवर्षी भारतीय बैठकीत त्याच खांबाच्या डाव्या हाताला. आजूबाजूला दरवर्षी तीच आठ-दहा माणसं. एका वर्षी तिला ताप होता म्हणून गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याच्या एक बाई पत्ता शोधत घरी आल्या, "जोशीबाई दिसल्या नाहीत, म्हटलं बघून यावं." त्या दोघींची ओळख वर्षातून तीन रात्रींची. आजी इतर मैफलींना जायची नाही असं नाही. पण त्या जत्रा, आणि ही वारी. जत्रेला गेलं तर गेलं, पाळण्यात बसलं, भजी खाल्ली, आलं. वारीला मात्र आपली दिंडी असते, आणि आपण नसलो तर ते कोणाच्या तरी लक्षात येतं.

तुझ्या यादीत अकरा जत्रा आहेत, वारी एकही नाही. मला एवढंच सांगायचंय. बाकीचं पत्र म्हणजे तपशील.

तर एक निवड. माझं मत पुण्याला, कारण तू तिथेच राहतेस, जायला रिक्षा आणि यायला रिक्षा. 'घरच्या अंगणातलं काय मोठं' असं म्हणशील. पण दूरच्या शहरात आपण पाहुणे असतो, आणि पाहुण्याला कोणी खुर्च्या मांडायला बोलवत नाही. तुला खुर्च्या मांडायच्या आहेत. तोक्योतल्या कॉमिकेटविषयी, म्हणजे हौशी लोकांनी स्वतः छापलेल्या कॉमिक्सच्या मेळ्याविषयी, तू मला दहा वेळा सांगितलंयस, ते आता मी तुला सांगतो. १९७५ च्या डिसेंबरात ते सुरू झालं तेव्हा ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसं होती, त्यात शाळकरी मुलींचा भरणा. आधीच्या एका मोठ्या मेळाव्याने टीका करणाऱ्याला सहभागच नाकारला, म्हणून चिडलेल्या पोरांनी आपलं वेगळं मांडलं. आज उन्हाळ्यात आणि डिसेंबरात ते बिग साइट हे अख्खं प्रदर्शन केंद्र भरून टाकतात. तरी त्यांचं म्हणणं कायम आहे, की इथे गिऱ्हाईक कोणी नाही. विकणारा सहभागी, घेणारा सहभागी, रांग लावणारा स्वयंसेवकही सहभागी. तू आजवर तिकीट काढून गेलीस. या वर्षी स्वतःचं काम विकायला टेबल घे.

दचकू नकोस. चित्रकारांच्या गल्लीत अर्धं टेबलही चालतं, तुझ्या त्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीला बरोबर घे. अर्ज मात्र कार्यक्रमाच्या कितीतरी आधी भरावा लागतो, आणि मांडायला काहीतरी लागतं. इथे मामा कामाचा आहे. सव्वीस वर्षं छपाईत काढलीत.

सोळा पानांची ए-५ पुस्तिका कर. सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर पिन, मारायची तर पानं चारच्या पटीतच हवीत. अठरा पानांची गोष्ट सुचली तर दोन काप, वीसपर्यंत ताणू नकोस. आतला कागद १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) पुरे, कव्हर २५०. प्रती पन्नासच, डिजिटलवर. 'ऑफसेटला प्रतीमागे स्वस्त पडतं' असं कोणीतरी सांगेल, ते खरंच आहे, पण कित्येकशे प्रतींनंतर. मी त्या स्वस्ताईपायी तीनशे काढल्या होत्या. एकेचाळीस गेल्या. उरलेल्यांतल्या काहींवर तुझ्या मामीने कित्येक वर्षं डबे ठेवले. फाइल ३०० डीपीआयला (इंचाला तीनशे ठिपके) ठेव, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून टाकायला जादा चित्र, सोड, नाहीतर कटिंगला पांढरी कड दिसते. आणि तुझा तो लाडका झगझगीत जांभळा-गुलाबी? तो पडद्यावरचा आहे. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, उतरला की वांग्यासारखा दिसतो. आधी एक प्रूफ (नमुन्याची प्रत) काढून उन्हात बघ, मग रड, मग रंग बदल. स्टिकर करायचे तर 'हाफ कट' सांग, म्हणजे वरचा थर कापला जातो आणि मागचा कागद अख्खा राहतो.

चित्रं शक्यतो स्वतःच्या पात्रांची. दुसऱ्याचं गाजलेलं पात्र काढलं की टेबलाशी माणसं लवकर थांबतात हे मला माहीत आहे. पण ती त्या पात्रासाठी थांबतात. हक्काचा प्रश्न आहेच, तो वेगळा.

टेबलावर क्यूआर कोड तर हवाच, पण दुपारी तीनला हॉलमध्ये नेटवर्क गुदमरतं, तेव्हा दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा उपयोगी पडतात. शनिवारी सकाळी लोक नुसतं बघतात, खरेदी बरीचशी रविवारी दुपारनंतर होते. म्हणून शनिवारी चेहरा पाडून बसू नकोस. आणि रविवारी चार वाजता गल्लीतून एक फेरी मारून शेजारच्या टेबलांवरची एकेक गोष्ट विकत घे. अदलाबदल केलीस तरी चालेल. पुढच्या वर्षी ती माणसं तुला नावाने हाक मारतील.

पोशाखाबद्दल, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून मेळ्यात हिंडण्याबद्दल. तुझं ते ईव्हीए फोमचं चिलखत सुंदर झालंय, खांद्याची घडी तर फारच. टेबलामागे ते दोन्ही दिवस घालू नकोस, एक दिवस पुरे. नेताना सुटं करून बॅगेत ने, तिथे बदल. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलंस तर हॉट ग्लूचे सगळे सांधे सुटतील, ते कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हने पुन्हा चिकटवून घे. भाल्याची लांबी आणि सामान आयोजकांच्या नियमांत बसतं का ते आधी वाच; धातू असेल तर दारावरच ठेवून घेतात.

या पोशाखांची एक जुनी गोष्ट तुझ्या कामाची आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथा-वाचकांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, दोनेकशे माणसांचं. त्यात फॉरेस्ट ॲकरमन नावाचा एक वाचक भविष्यातल्या माणसाच्या वेशात हिंडला आणि पुढे जो तो त्याचंच नाव घेत राहिला. त्याचा वेश शिवला होता मर्टल डग्लसने. तिने स्वतःचाही शिवला होता आणि तीही तो घालून त्याच संमेलनात होती. या वेशाच्या हौसेला 'कॉस्प्ले' हा शब्द मिळायला अजून चव्वेचाळीस वर्षं होती. तो १९८३ मध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांनी एका जपानी मासिकात वापरला. मैत्रिणीचं शिवणकाम टेबलावर मांडशील तेव्हा तिचं नाव मोठ्या अक्षरात लाव.

फोटोचं सांगायची गरज नाही असं तू म्हणशील, तरी सांगतो. दुसऱ्याचा फोटो विचारून काढायचा. तुझा कोणी न विचारता काढला, किंवा फोटोच्या निमित्ताने हात खांद्यावरून खाली आला, तर हसून चालवून घ्यायचं नाही. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनने २०१४ पासून मोठाले फलक लावले की पोशाख म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडे फलक असो नसो, आवाज चढवायचा, स्वयंसेवकाला बोलवायचं, टेबल सोडून निघायचं. माल गेला तर गेला. तुम्ही दोघी आधीच एक जागा ठरवा, फोन लागला नाही तर भेटायला.

अमेरिकेतल्या जुन्या फॅन मंडळींचा एक हिशोब आहे, सहा-दोन-एक : रोज निदान सहा तास झोप, दोन वेळचं नीट जेवण, एक आंघोळ. शेवटचं कलम स्वतःसाठी कमी आणि रांगेत मागे उभ्या असलेल्यांसाठी जास्त आहे. एवढं पाळूनही परतल्यावर सर्दी-खोकला होतोच, त्याला त्यांनी नावसुद्धा ठेवलंय, कॉन क्रड. मामीचा काढा त्यावरही चालतो.

आता उरलेल्या ओळी. दिल्ली, हैदराबाद, चेन्नई खोडून टाक. बेंगळुरू तू 'सगळे जाणारेत' म्हणून घातलंयस. त्या सगळ्यांतल्या तिघांना मी ओळखतो, त्यांचंही अजून 'बघू' आहे. मुंबई ठेव, ती जत्रा म्हणून. एकच दिवस, हात हलवत ये, काही विकायचं नाही, मोठ्या पाहुण्यांच्या कार्यक्रमासाठी रांगेत बसायचं नाही. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या कॉमिक कॉनला एका हॉलच्या साडेसहा हजार खुर्च्यांसाठी माणसं फुटपाथवर रात्र काढतात. त्यांना काढू दे. सातवी ओळ परीक्षेची आहे, तिच्याबद्दल मी आणखी काही बोलत नाही.

खोडलेल्या शनिवार-रविवारी वाईट वाटणार. दुपारी फोन उघडशील, सगळ्यांच्या स्टोऱ्या त्याच हॉलमधून येत असतील, आणि वाटेल की आपणच तेवढे होस्टेलवर मॅगी खात बसलोय. मला पन्नाशीत अजून वाटतं. त्यावर माझ्याकडे औषध नाही. फक्त एक निरीक्षण : माझी बरी म्हणावी अशी जी चार-दोन चित्रं आहेत, ती सगळी मी कुठेतरी गेलो नव्हतो तेव्हाची आहेत.

पिवळ्या रंगाची दोन तिकिटं परत होतात का बघ, नाहीतर कोणालातरी देऊन टाक. पुस्तिकेची फाइल महिनाभर आधी माझ्याकडे पाठव, आदल्या रात्री पाठवलीस तर मी मामा नाही. शनिवारी डोंबिवलीला आलीस तर प्रूफ इथेच काढू.

आणि टेबलावर अंथरायला काही विकत घेऊ नकोस. आजीची सतरंजी तुमच्या माळ्यावर आहे, हिरव्या ट्रंकेत. एका कोपऱ्यात चहाचा डाग आहे, तो मागच्या बाजूला घे.

तुझा,
मामा